लोकेशनवर लिहिलं, पण गेलं कुठे?

वाचकांचे प्रश्न

सबमिशन आणि ओरल्स जवळ आल्या की या सदराकडे असेंब्लीचे (प्रोसेसरला थेट कळणाऱ्या इन्स्ट्रक्शनमध्ये प्रोग्राम लिहिण्याचे) प्रश्न वाढतात. या वेळचे बहुतेक एकाच कामाचे आहेत: अमुक मेमरी लोकेशनवर अमुक व्हॅल्यू टाकायची. दिसायला एका ओळीचं काम. पण त्या पत्त्यावर कोण बसलंय आणि आपली इन्स्ट्रक्शन तिथे कोणत्या वाटेने जाते, हे ठाऊक नसलं की व्हॅल्यू भलतीकडे जाते आणि प्रोसेसर अवाक्षर काढत नाही. खाली जिथे वेगळं सांगितलेलं नाही तिथे सगळे पत्ते आणि बाइट हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या अंकांत) आहेत.

प्रश्न: ८०८५ या प्रोसेसरच्या किटवर २०५० या लोकेशनवर ४५ टाकायचं होतं. ३ई, ४५, ३२, २०, ५०, ७६ असे बाइट २००० पासून भरले आणि प्रोग्राम चालवला. २०५० उघडून पाहिलं तर जुनीच संख्या. असं का?
(डिप्लोमा विद्यार्थी, भांडुप)

उत्तर: पत्त्याचे दोन बाइट उलटे भरले गेले आहेत. ८०८५ मध्ये तीन बाइटच्या इन्स्ट्रक्शनमध्ये पत्त्याचा खालचा बाइट आधी येतो, वरचा नंतर. तुमच्या ३२ २० ५० चा अर्थ प्रोसेसरने ‘एसटीए ५०२०’ (ए रजिस्टरमधलं ५०२० वर ठेव) असा घेतला आणि ४५ तिकडे पाठवून दिलं. तिथे रॅम नसेल तर ते हवेत विरलं. लिहिलेलं पोचलं की नाही हे ८०८५ कधीच तपासत नाही. तो डेटा बसवर बाइट ठेवतो, राइटची लाइन खाली ओढतो आणि पुढे निघतो.

बरोबर क्रम असा. २००० वर ३ई, २००१ वर ४५ (एमव्हीआय ए, ४५), २००२ वर ३२, २००३ वर ५०, २००४ वर २० (एसटीए २०५०), २००५ वर ७६ (हॉल्ट). काही किटवर हॉल्टऐवजी मॉनिटरकडे, म्हणजे किटच्या रॉममधल्या कायमच्या प्रोग्रामकडे, परत नेणारी आरएसटी ही इन्स्ट्रक्शन वापरतात. कोणती, ते किटच्या पुस्तिकेत असतं. हॉल्ट वापरला तर रिसेट दाबून मगच लोकेशन बघा. रिसेटने रॅममधला मजकूर जात नाही. तुमच्या किटची रॅम २००० पासूनच सुरू होते ना, हेही त्याच पुस्तिकेतल्या मेमरी मॅपवर बघून घ्या. सगळ्या किटचा मॅप सारखा नसतो आणि मित्राच्या जर्नलमधला पत्ता तुमच्या किटवर रॉममध्ये पडू शकतो.

ओरलला हमखास विचारतात म्हणून: एसटीएला १३ टी-स्टेट (क्लॉकचे ठोके) लागतात. इन्स्ट्रक्शन आणायला ४, पत्त्याचे दोन बाइट वाचायला ३ आणि ३, प्रत्यक्ष लिहायला ३. क्रिस्टल ६.१४४ मेगाहर्ट्झचा असेल तर आतलं क्लॉक ३.०७२ मेगाहर्ट्झ, म्हणजे सगळं मिळून सुमारे ४.२ मायक्रोसेकंद.

प्रश्न: ०० या एकाच व्हॅल्यूने सोळा लोकेशन भरायची होती. लूप लावला तर किट हँग होतं आणि नंतर बघितलं तर प्रोग्रामच गायब!
(त्याच कॉलेजातली विद्यार्थिनी, मुलुंड)

उत्तर: प्रोग्राम पाठवलात ते बरं केलंत, दोष एका बाइटमध्ये आहे. शेवटची जेएनझेड (मोजणी शून्य नसेल तर उडी) २००३ वर उडी मारते आणि २००३ वर ‘एमव्हीआय सी, १०’ आहे. त्यामुळे प्रत्येक फेरीत मोजणी पुन्हा १० वर येते आणि लूप संपतच नाही. इकडे एचएल, म्हणजे लिहायचा पत्ता धरणारी रजिस्टरची जोडी, मात्र वाढत राहतो. एक फेरी ३७ टी-स्टेटची, म्हणजे सुमारे १२ मायक्रोसेकंद. या वेगाने सगळे ६५,५३६ पत्ते पालथे घालायला एक सेकंदही लागत नाही. वाटेत मॉनिटर रॅमच्या ज्या भागात स्वतःच्या नोंदी आणि स्टॅक ठेवतो तो भाग शून्य होतो, म्हणून किट हँग. मग एचएल एफएफएफएफ ओलांडून ०००० वर येतो, रॉमवरून काही न बिघडवता जातो आणि २००० ला तुमच्या प्रोग्रामवरच लिहायला लागतो.

दुरुस्त प्रोग्राम: २००० वर २१ ५० २० (एलएक्सआय एच, २०५०), २००३ वर ०ई १०, २००५ वर ३६ ०० (एमव्हीआय एम, ००), २००७ वर २३ (आयएनएक्स एच), २००८ वर ०डी (डीसीआर सी), २००९ वर सी२ ०५ २०, २००सी वर ७६. उडी २००५ वर, म्हणजे लिहिण्याच्या इन्स्ट्रक्शनवर. सोळा म्हणजे हेक्समध्ये १०, हेही विसरू नका. कित्येक जण १६ भरतात आणि बावीस लोकेशन पुसतात.

आणखी एक. आयएनएक्स कोणताही फ्लॅग (जेएनझेड ज्यावरून शून्य आलं का ते ठरवते ती खूण) बदलत नाही. म्हणून मोजणीसाठी डीसीआर सी हवाच. आयएनएक्स किंवा डीसीएक्सच्या मागे जेएनझेड लावून लूप थांबत नाही.

प्रश्न: आमच्या लॅबच्या जुन्या किटवर ५५ लिहिलं की ५५ दिसतं, पण एए लिहिलं की एई दिसतं. कोणत्याही लोकेशनला असंच. रॅम बदलायची का?
(लॅब असिस्टंट, परळ)

उत्तर: आधी बदलू नका. एए आणि एई यांच्यात फरक एकाच बिटचा आहे, डी२. ती लाइन कायम १ वाचली जाते. ५५ मध्ये डी२ मुळातच १ असल्यामुळे तिथे दोष लपतो. पण मॉनिटर रॉममधून नीट चालतोय, म्हणजे डेटा बस प्रोसेसरपासून रॉमपर्यंत ठीक आहे. बिघाड बस आणि रॅमच्या पायाच्या मधे आहे आणि मुंबईच्या पावसाळी दमट हवेत त्याचं पहिलं संशयित म्हणजे आयसीचा सॉकेट.

पॉवर बंद करा. रॅम ६२६४ असेल तर डी२ हा १३ नंबरचा पाय. ६११६ असेल तर ११. आयसी दोन्ही टोकांकडून थोडा थोडा उचलत काढा, एका बाजूने उपटलात तर पाय वाकतील. पाय काळपट दिसत असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, सॉकेटमध्ये तेच दोनचार थेंब सोडा, पूर्ण वाळू द्या, आयसी पुन्हा दाबून बसवा. तरीही एई येत असेल तर मल्टिमीटरच्या बझरवर सॉकेटच्या त्या पायापासून ८०८५ च्या १४ नंबरच्या पायापर्यंत (एडी२) सलगता तपासा. मधे ७४एलएस२४५ (बसवरची बफर चिप) असेल तर त्या चिपपर्यंत तपासावी लागेल. बझर वाजला आणि एई तरीही येतंय, तेव्हा कुठे रॅम बदला. लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाताना चिपवरचा पूर्ण नंबर लिहून न्या, नुसतं ‘आठ के रॅम’ म्हणू नका.

डेटा लाइन झाल्या की ॲड्रेस लाइनही एकदा तपासून टाका. ८ के रॅम २००० पासून असेल तर २००० वर ००, मग २००१, २००२, २००४, २००८, २०१०, २०२० असं दुप्पट अंतराने ३००० पर्यंत जात ०१, ०२, ०३ अशा चढत्या संख्या ०डी पर्यंत लिहा. नंतर सगळी लोकेशन पुन्हा वाचा. समजा २००० वर ०० ऐवजी ०५ मिळालं, तर २०१० वर लिहिलेलं तिकडे गेलं, म्हणजे ए४ तुटलेली. प्रत्येक बाइट लिहिल्या लिहिल्या वाचत गेलात तर हा दोष सापडणार नाही, कारण चुकीच्या घरातूनही तुम्हाला तुमचीच संख्या परत मिळते. आधी सगळं लिहा, मग सगळं वाचा.

प्रश्न: चुकून रॉमच्या पत्त्यावर लिहिलं तर रॉम पुसली जाईल का?
(अकरावीचा विद्यार्थी, गिरगाव)

उत्तर: नाही. ईप्रॉमला (किटवरच्या रॉमच्या चिपला) राइटची लाइन जोडलेलीच नसते आणि ती प्रोग्राम करायला ५ व्होल्टपेक्षा बराच जास्त व्होल्टेज लागतो. बिनधास्त राहा.

प्रश्न: डॉसबॉक्समध्ये ८०८६ साठी टीएएसएम हा असेंब्लर वापरतो. फिजिकल ॲड्रेस ५२००० वर १२३४ लिहायचं आहे. ‘मूव्ह [२०००एच], एएक्स’ लिहिलं तर एरर. उलट ‘मूव्ह एएक्स, [२०००एच]’ चालतं, पण एएक्समध्ये २००० हीच संख्या येते. कंसाला काही अर्थ आहे की नाही?
(इंजिनीअरिंग, दुसरं वर्ष, अंधेरी)

उत्तर: टीएएसएम आणि एमएएसएम या असेंब्लरांच्या लेखी चौकटी कंसात नुसता आकडा असला तर तो आकडाच. मेमरी म्हणून घ्यायचा असेल तर सेगमेंट सांगावा लागतो, ‘डीएस:[२०००एच]’. किंवा आकडा बीएक्समध्ये घेऊन [बीएक्स] लिहावं लागतं. कंसात रजिस्टर आलं की ते मेमरी धरतात. टीएएसएम या ठिकाणी वॉर्निंग देतो, पण स्क्रीन वर सरकून गेली की ती कोण वाचतंय! एनएएसएम या असेंब्लरमध्ये आणि डॉसच्या डीबगमध्ये मात्र कंस म्हणजे मेमरीच. नेटवरून उचललेला प्रोग्राम एका असेंब्लरवर चालतो आणि दुसऱ्यावर रुसतो, त्याचं हे नेहमीचं कारण.

आता ५२०००. सेगमेंट गुणिले हेक्स १०, अधिक ऑफसेट, एवढाच हिशेब. ५०००:२००० घ्या किंवा ५२००:००००, घर एकच. सेगमेंट रजिस्टरमध्ये आकडा थेट भरता येत नाही, म्हणून आधी ‘मूव्ह एएक्स, ५०००एच’, मग ‘मूव्ह ईएस, एएक्स’, मग ‘मूव्ह वर्ड पीटीआर ईएस:[२०००एच], १२३४एच’. डीएसऐवजी ईएस मुद्दाम घेतला: डीएस बदललात की डेटा सेगमेंटमधली तुमची स्वतःची व्हेरिएबल्स सापडेनाशी होतात. ‘वर्ड पीटीआर’ही ठेवा. थेट आकडा मेमरीत टाकताना बाइट टाकायचा की वर्ड, हे असेंब्लरला दुसऱ्या कशावरून कळणार?

डीबगमध्ये ‘डी ५०००:२०००’ दिलं की ३४ १२ असं दिसेल. खालचा बाइट आधी, ८०८५ सारखंच. हे चुकलेलं नाही.

एका जागेपासून मात्र लांब राहा. ०००० सेगमेंटचे पहिले १०२४ बाइट (दशमान) म्हणजे इंटरप्ट व्हेक्टर टेबल (कोणता इंटरप्ट आला की कुठे जायचं त्याची यादी), २५६ व्हेक्टर प्रत्येकी चार बाइटचे. ईएस भरायला विसरलात, त्यात शून्य होतं आणि ऑफसेट २० वर लिहिलंत, तर ती जागा टायमरच्या इंटरप्टची निघते. टायमर सेकंदाला सुमारे १८.२ वेळा येतो. म्हणजे जास्तीत जास्त ५५ मिलिसेकंदांत मशीन गप्प.

प्रश्न: इंटरप्ट न वापरता स्क्रीनच्या मधोमध एक अक्षर आणायचं आहे.
(बी.एससी. आयटी, बोरिवली)

उत्तर: रंगीत टेक्स्ट मोडची मेमरी बी८००:०००० पासून असते. ८० रकाने, २५ ओळी, प्रत्येक घराला दोन बाइट: आधी अक्षर, मग रंग. मोजणी शून्यापासून. ओळ १२, रकाना ४० साठी (१२ × ८० + ४०) × २ = २०००, हे दशमान; हेक्समध्ये ७डी०. ईएसमध्ये ०बी८००एच भरा आणि ईएस:[७डी०एच] वर १ई४१एच हा वर्ड लिहा. ४१ हे इंग्रजी कॅपिटल ‘ए’, १ई म्हणजे निळ्यावर पिवळं. बी८००एचच्या आधी शून्य लावलं नाहीत तर असेंब्लर त्याला लेबल समजेल. अक्षर क्षणभर येऊन गेलं तर प्रोग्राम संपायच्या आधी कीची वाट बघायला लावा. डॉसचा प्रॉम्प्ट स्क्रीन वर सरकवतो.

प्रश्न: ८०५१ वर ‘मूव्ह ३०एच, ५५एच’ लिहूनही ३० मध्ये ५५ येत नाही. शिवाय आमच्या ८९एस५२ वर ९० या लोकेशनवर लिहिलं की एलईडी पेटतात. रॅममध्ये का जात नाही?
(डिप्लोमा, तिसरं वर्ष, चेंबूर)

उत्तर: पहिल्यात # राहिला. # नसेल तर ५५ हा पत्ता ठरतो आणि त्या घरातलं जे असेल ते ३० मध्ये येतं. हेक्स फाइल उघडून बघा: # सहित असेल तर ७५ ३० ५५, नसेल तर ८५ ५५ ३०. दुसऱ्यात बाइटचा क्रम उलटा आहे, आधी कुठून आणि मग कुठे. हाताने मशीन कोड लिहिणारे इथे हमखास फसतात.

दुसऱ्याचं उत्तर मुंबईकराला लवकर कळेल. ९० नंबरचा फ्लॅट ए विंगमध्येही आहे आणि बी विंगमध्येही. नंबर सांगून भागत नाही, कोणत्या जिन्याने चढलात ते महत्त्वाचं. ८०५२ जातीच्या चिपमध्ये ८० ते एफएफ या पत्त्यांवर दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थेट पत्ता लिहिलात (मूव्ह ९०एच, #०एफएफएच) तर एसएफआरमध्ये (पोर्ट, टायमर वगैरेंच्या खास रजिस्टरांत) जाता आणि ९० म्हणजे पोर्ट १, म्हणून एलईडी. रॅममध्ये जायचं तर आडवाटेने: ‘मूव्ह आर०, #९०एच’ आणि मग ‘मूव्ह @आर०, #०एफएफएच’. साध्या ८०५१ मध्ये वरची १२८ बाइट रॅम नसतेच, तिथे ही वाट कुठेच जात नाही. बाहेर जोडलेल्या रॅमसाठी तिसरी वाट, डीपीटीआर आणि मूव्ह-एक्स.

जाता जाता: रिसेटनंतर स्टॅक पॉइंटर ०७ असतो, म्हणून पहिला पुश ०८ वर, म्हणजे रजिस्टरांच्या बँक १ मधल्या आर० वर जातो. ०८ च्या पुढे काही ठेवत असाल तर सुरुवातीलाच एसपी वर न्या.

प्रश्न: अर्डुइनो ऊनोवर असेंब्लीची फाइल जोडून पोर्ट-बीवर ‘आउट’ने २० लिहितो. १३ नंबरचा एलईडी लागत नाही आणि स्केचमधला डिले कायमचा अडकतो.
(छंद म्हणून करणारा, दहिसर)

उत्तर: ऊनोवरच्या एटीमेगा३२८पी चिपमध्ये पोर्ट-बीला दोन पत्ते आहेत: ‘आउट’साठी ०५, ‘एसटीएस’साठी २५. हेडर फाइल जोडल्यावर पोर्ट-बी हे नाव २५ देतं. तेच ‘आउट’ला दिलंत तर आयओ पत्ता २५ म्हणजे टायमर शून्याचं कंट्रोल रजिस्टर. त्यात २० लिहिलंत, क्लॉक निवडणारे बिट शून्य झाले, टायमर थांबला आणि डिले त्याच टायमरवर चालतो. उपाय: नावाला ‘_एसएफआर_आयओ_एडीडीआर’ या मॅक्रोत गुंडाळा किंवा ‘एसटीएस’ वापरा. उलटी चूक तर आणखी गमतीची. ‘एसटीएस ०५’ने व्हॅल्यू आर५ या रजिस्टरमध्ये जाते, कारण डेटा मेमरीचे पहिले ३२ पत्ते म्हणजे रजिस्टरंच. आणि डीडीआर-बीचा (पाय आउटपुट की इनपुट हे ठरवणाऱ्या रजिस्टरचा) पाचवा बिट १ केला आहे ना?

प्रश्न: लॅमिंग्टन रोडवरून निळा एसटीएम३२एफ१०३ बोर्ड आणला. जीपीआयओ-सीच्या (सी पोर्टच्या) रजिस्टरवर काहीही लिहिलं तरी डीबगरमध्ये शून्यच दिसतं. बोर्ड खराब आहे का?
(इंजिनीअर, कुर्ला)

उत्तर: बहुधा नाही. त्या पोर्टला अजून क्लॉकच मिळालेलं नाही. या चिपमध्ये प्रत्येक पेरिफेरलचं क्लॉक रिसेटनंतर बंद असतं. अशा वेळी लिहिलेलं लागू होत नाही आणि वाचलं तर शून्य येतं.

क्रम असा ठेवा. आर० मध्ये ‘एलडीआर आर०, =०एक्स४००२१०१८’ने क्लॉक रजिस्टरचा पत्ता घ्या. त्यातली व्हॅल्यू आर१ मध्ये वाचा, ०एक्स१० शी ओआरआर करा, एसटीआरने परत ठेवा. नुसतं १० लिहू नका, बाकीच्यांची क्लॉक बंद पडतील. मग ०एक्स४००११००४ वर ०एक्स४४२४४४४४ लिहा. डावीकडून तिसरा अंक २, म्हणजे पीसी१३ आउटपुट. शेवटी ०एक्स४००११०१० वर ०एक्स२००००००० लिहिलंत की एलईडी लागेल आणि ०एक्स२००० लिहिलंत की विझेल. उलटं वाटतंय ना? एलईडी ३.३ व्होल्टकडून पायाकडे जोडलेला आहे, पाय खाली गेला की पेटतो.

या जीपीआयओ रजिस्टरांवर पूर्ण ३२ बिटच लिहायचे, एसटीआरबी चालत नाही. आणि एआरएममध्ये (या चिपचा प्रोसेसर त्याच जातीचा) पत्ता इन्स्ट्रक्शनमध्येच लिहायची सोय नाही, तो आधी रजिस्टरमध्ये यावा लागतो. ‘=’वाला एलडीआर तो आकडा कोडच्या शेजारी ठेवून तिथून उचलतो; प्रोग्राम लांबला आणि असेंब्लरने ‘फार लांब’ अशी तक्रार केली तर मधे एखाद्या बिनशर्त ब्रँचच्या लगेच पुढच्या ओळीत ‘.एलटीओआरजी’ टाका, म्हणजे ते आकडे तिथेच ठेवले जातील.

प्रश्न: लिनक्सवर एनएएसएममध्ये ‘मूव्ह ड्वर्ड [१०००००००एच], ५’ लिहिलं की सेगमेंटेशन फॉल्ट. मशीन माझं, रूट मी, मग लिहू का देत नाही?
(सॉफ्टवेअरवाला, विक्रोळी)

उत्तर: कारण तो पत्ता रॅमचा नाही, तुमच्या प्रोसेसच्या पेज टेबलमधला (प्रोसेसचा कोणता पत्ता रॅममध्ये कुठे, याच्या यादीतला) आहे आणि त्या टेबलात त्या जागी काही जोडलेलंच नाही. रूट असण्याचा इथे संबंध नाही. आधी कर्नेलकडून तेवढं पान मागून घ्या. ६४ बिटमध्ये आरएएक्समध्ये ९ (एममॅप), आरडीआयमध्ये १०००००००एच, आरएसआयमध्ये ४०९६ दशमान, आरडीएक्समध्ये ३ (वाचणं आणि लिहिणं), आर१० मध्ये ३२एच, आर८ मध्ये उणे १, आर९ मध्ये ०, मग सिस्कॉल (कर्नेलला हाक मारणारी इन्स्ट्रक्शन). चौथा आकडा आर१० मध्येच. सी फंक्शनच्या सवयीने आरसीएक्समध्ये घातलात तर सिस्कॉल तो पुसून टाकते. परत आल्यावर आरएएक्समध्ये तोच पत्ता आहे का बघा. उणे १ ते उणे ४०९५ मधलं काही असेल तर तो एरर नंबर.

३२एच मधला १०एच म्हणजे ‘ठीक याच पत्त्यावर’. तिथे आधीचं काही असलं तर कर्नेल ते न विचारता उडवतो. कर्नेल ४.१७ किंवा नंतरचा असेल तर १०एचच्या जागी १०००००एच वापरा, म्हणजे आर१० मध्ये १०००२२एच. जागा भरलेली असेल तर उडवण्याऐवजी एरर मिळतो. पत्ता २ जीबीच्या वर गेला तर तुमची एक ओळ पुरणार नाही. तो आधी एखाद्या रजिस्टरमध्ये, समजा आरबीएक्समध्ये घ्या आणि [आरबीएक्स] वर लिहा. तिथेही क्यूवर्ड लिहिताना थेट आकडा ३२ बिटचाच चालतो आणि चिन्हासकट ६४ पर्यंत ताणला जातो. म्हणून ०एफएफएफएफएफएफएफएफएच हवं असेल तर तेही आधी रजिस्टरमध्ये भरा, नाहीतर वरचे चार बाइट शून्याऐवजी एफएफ होतील किंवा एनएएसएम वॉर्निंग देईल.